माजी करदाता

मार्चच्या पहिल्या आठवड्यात पगार जमा झाल्याचा मेसेज आला. युजीन तुस्कानोने तो चष्मा लावून वाचला, चष्मा काढून वाचला, आणि तक्रार करायला खुर्चीतून उठला. सातिवलीच्या त्या कारखान्यात बाटल्यांची झाकणं बनत, आणि झाकणांची खोकी बाहेर रवाना करण्याचं काम तो तिशी ओलांडण्याच्या आधीपासून करत आला होता. कारखान्याची रीत अशी, की वर्षभर पगार अख्खा द्यायचा आणि आयकर फेब्रुवारी-मार्चच्या पगारांतून एकदम कापून घ्यायचा. म्हणून हे दोन महिने युजीनच्या दुःखासाठी राखून ठेवलेले असत. चर्चमध्ये उपवासकाळही त्याच सुमाराला यायचा. कपाळावर राख लावून घेणं आणि पगार कापून घेणं ही दोन्ही त्याच्या मनात एकाच प्रायश्चित्ताची अंगं झाली होती. यंदा राख लागली, पण पगार कापला गेला नव्हता. हिशेब खात्यात सिद्धेश नावाचा तरुण मुलगा बसायचा. युजीन त्याच्या टेबलावर वाकून जरा दरडावूनच म्हणाला, की माझा कर कापायचा तुम्ही विसरलात, आता पुढच्या महिन्यात सगळा एकदम कापाल आणि माझ्या घरी चूल पेटायची नाही. सिद्धेशने संगणकात डोकावून पाहिलं.

"विसरलो नाही, अंकल. तुम्हाला या वर्षी टॅक्सच नाही. नवीन लिमिट आहे ना, तुम्ही त्याच्या खाली आहात."

"खाली म्हणजे?"

"खाली म्हणजे खाली. झीरो. पार्टी द्या आता."

युजीन जागेवर परत आला. समोर झाकणांची खोकी माळ्यापर्यंत रचलेली होती आणि त्यांच्याकडे बघताना त्याला एकदम हलकं वाटलं. बरं वाटावं तसं हलकं नव्हे, एसटीत शेजारचा जाडा माणूस उतरून गेल्यावर वाटतं तसं. इतका वेळ ज्याला मनात शिव्या देत आपण त्याच्याच आधाराने बसलो होतो, तो गेला, आणि आता प्रत्येक वळणावर आपण सीटवर इकडून तिकडे घसरतोय. मर्यादा वाढल्याची बातमी त्याने ऐकली नव्हती असं नाही. मागच्या वर्षी टीव्हीवर पाहिली होती, त्याच आठवड्यात एका लग्नात तिची साग्रसंगीत निंदाही केली होती, की हे सगळं दाखवायचं आहे, आपल्यासारख्यांच्या हाती काही लागणार नाही. आपल्यासारखे म्हणजे कोण हे तेव्हा कुणी विचारलं नव्हतं, आणि त्यालाही स्वतःला विचारावंसं वाटलं नव्हतं. सवलत नेहमी दुसऱ्याला मिळते, या गोष्टीवर त्याची श्रद्धा होती, आणि श्रद्धेच्या गोष्टी माणूस पडताळून पाहत नाही.

संध्याकाळी स्कूटरवरून नंदाखालला घरी जाताना त्याला आपला पहिला कर आठवला. तेव्हा वडील होते. सॅन्टन तुस्कानो, केळी आणि पानवेलींची वाडी, कंबरेला रुमाल, तोंडात कायम विडी. सॅन्टनच्या लेखी कर म्हणजे तलाठ्याला नेऊन द्यायचा सारा. युजीनने पहिल्यांदा पगारातून आयकर कापला गेल्याचं घरी सांगितलं ते रडव्या आवाजात, पण बापाने ते वेगळंच ऐकलं. हे पैसे कुठं जातात, असं त्याने विचारलं. दिल्लीला, म्हणून युजीनने सांगितलं. तलाठ्याकडून? नाही, थेट. सॅन्टन उठला आणि विडी न पेटवता वाडीतून सरळ शेजारच्या ओटीवर गेला, तिथून पुढच्या, आणि आळीभर सांगत सुटला, की आमच्या युजीनचे पैसे आता थेट दिल्लीला जातात. पुढच्या रविवारी घरात डुकराचं मटण शिजलं. मामा आले, मावशा आल्या, एका म्हाताऱ्या आत्याने युजीनच्या गालावरून हात फिरवून विचारलं, की दिल्लीवाल्यांनी तुझ्याकडेच कसे मागितले रे. त्या दिवशी ताटात मोठे तुकडे पडत होते आणि युजीन दुःखी चेहऱ्याने जेवत होता, आणि दुःखी चेहऱ्याने जेवताना सगळे आपल्याकडे बघतात, हा शोध त्याला तिथे लागला. पुढची सगळी वर्षं त्याने त्या शोधावर काढली. दुसऱ्यांना गाणं असतं, क्रिकेट असतं, चर्चच्या मंडळातली पदं असतात. युजीनला कर होता. तो बोलायला लागला की लग्नाच्या मांडवात खुर्च्या वळत. एकदा तर त्याने फादरांनाच गाठलं होतं, की प्रभू येशू जकातदाराच्या घरी जाऊन जेवला, पण जो बिचारा जकात भरत होता त्याच्या घरी का नाही गेला. फादर बराच वेळ हसले होते आणि नंतर विचारात पडले होते.

सेलिनला त्याने रात्रीच्या जेवणात सांगितलं, भाताकडे बघत. ती प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झाली होती; कुठलीही गोष्ट चार शब्दांत संपवायची तिला सवय होती. देवाचे उपकार, छताचे पत्रे बदलू, असं म्हणून तिने त्याला आमटी वाढली. मग त्याचा चेहरा पाहून विचारलं, की बरं नाही का. युजीनने बरं आहे म्हटलं, आणि हे कुणाला बोलू नकोस असंही म्हटलं. सेलिन हातातला डाव तसाच धरून त्याच्याकडे बघत राहिली. नवऱ्याने आजवर बोलू नकोस असं तिला फक्त एकदा, मूळव्याधीच्या वेळी सांगितलं होतं.

गप्प राहायचं कारण येत्या रविवारी दुपारी उभं राहणार होतं. गावच्या वाचनालयाच्या अध्यक्षा रिटाबाई. निवडणुका झालेल्या असोत की व्हायच्या असोत, दरवर्षी एक परिसंवाद घ्यायच्याच. यंदाचा विषय होता, 'मध्यमवर्ग म्हणजे कोण आणि त्याच्यावर बोजा किती'. सत्तेतल्या पक्षाचे एक प्रवक्ते, विरोधातले एक, आणि मधल्या खुर्चीवर सामान्य करदाता म्हणून श्री. युजीन तुस्कानो. तसं फलकावर छापून चर्चच्या फाटकाशी लावलंसुद्धा होतं. येता-जाता युजीनला तो फलक दिसायचा आणि 'करदाता' या शब्दापाशी त्याची स्कूटर आपोआप हळू व्हायची. पूर्वी त्याला तो शब्द पदवीसारखा वाटायचा. आता आपण मेलो आहोत आणि नाव अजून पाटीवर आहे, असं वाटायला लागलं. रिटाबाईंना जाऊन सांगावं असं त्याच्या दोनदा मनात आलं. पण सांगायचं काय? मी बरा झालो? दुसऱ्या खेपेला तो त्यांच्या दारापर्यंत गेला, आणि त्यांनी चहा पाजून, तुमच्यासाठीच लोक येणार आहेत, असं सांगून त्याला परत पाठवलं. मग त्याने ठरवलं, की गेल्या इतक्या वर्षांचा कर तर आपण भरलाय ना. माजी आमदाराला लोक आमदारसाहेबच म्हणतात. या विचाराने शनिवारपर्यंत त्याला झोप लागली.

रविवारी हॉल भरला. पुढच्या रांगेत हरेश्वर बसला होता. हरेश्वर खाडीकाठचा, नायगावच्या बाजूचा. हायस्कुलात दोघे एका बाकावर होते. घरची भातशेती आणि मिठागरात मजुरी, अशा घरातून तो वसईला चालत यायचा, आणि युजीनच्या डब्यातली पोळी निम्मी त्याची असायची. नायगावात टॉवर उठायला लागले तेव्हा हरेश्वरचं शेत गेलं, त्याच्या जागी त्याला पैसे आणि फ्लॅट मिळाले, आणि त्या दिवसापासून तो युजीनच्या भाषणातलं उदाहरण झाला. आमचा हरेश्वर बघा, युजीन सांगायचा. शेतकरी. शेतकऱ्याला कर नाही. गाडीतून फिरतो, आणि त्याच्या गाडीखालच्या रस्त्याचे पैसे मी भरतो. हे हरेश्वरच्या तोंडावरही बोलून झालं होतं, त्याच्या मुलाच्या लग्नातसुद्धा, आणि हरेश्वर दरवेळी मोठ्याने हसायचा. तो आज बायकोला, कमळीला, घरी ठेवून एवढ्या लांबून फक्त मित्राचं भाषण ऐकायला आला होता, आणि युजीनला पाहून त्याने लहान मुलासारखा हात हलवला.

सत्तेतल्या प्रवक्त्यांनी जॅकेट घातलं होतं, विरोधातल्यांनी दाढी राखली होती. जॅकेटवाले म्हणाले, मध्यमवर्ग हा देशाचा कणा आहे. दाढीवाले म्हणाले, कणा आहे म्हणूनच तुम्ही त्याच्यावर पोती टाकता. जॅकेटवाल्यांनी सांगितलं, की आम्ही पोतं काढलं. दाढीवाल्यांनी सांगितलं, की पाठीवरचं काढून खिशात ठेवलं, साबण घेतला तरी कर, गाडीचा विमा काढला तरी कर, आणि मिळकतच वाढली नाही तर मर्यादा आभाळाला टेकवून काय उपयोग. रिटाबाईंनी मध्येच विचारलं, की आधी मध्यमवर्ग कोण ते तर ठरवा. तिथून सगळं बिघडलं. एका बाईंच्या मते, ज्याच्या घरी कामाला बाई येते तो श्रीमंत. दुसऱ्या बाईंनी विचारलं, की आमची आठवड्यातून तीन दिवस दांड्या मारते, मग आम्ही कोण. ज्याची स्वतःची विहीर आहे तो श्रीमंत, असं कुणी म्हणालं. विहिरीचं पाणी खारं झालंय, असं मागून ओरडून सांगण्यात आलं, आणि खाऱ्या विहिरीवाले कुठल्या वर्गात यावर मागच्या दोन रांगांत वेगळा परिसंवाद सुरू झाला. शेवटी रिटाबाई म्हणाल्या, जे स्वतःला मध्यमवर्गीय समजतात त्यांनी हात वर करा. सगळ्यांनी केले. अर्नाळ्याला रिसॉर्ट चालवणाऱ्या गृहस्थांनी केला, दाराशी खुर्च्या मांडणाऱ्या बाईने केला, दोन्ही प्रवक्त्यांनी केला. हरेश्वरनेही केला. युजीनचा हात मात्र अर्ध्यावर जाऊन थांबला आणि तिथून त्याने केसांवरून फिरवून घेतला. जन्मात पहिल्यांदा त्याला शंका आली, की आपल्याला विचारतायत ते खरंच आपल्याला विचारतायत का. खाली आहात, असं सिद्धेश म्हणाला होता. खाली किती? आणि खाली असलेल्याने वरच्यांत हात वर केला तर तो खोटेपणा, की ती पुढची आशा?

मग त्याचं नाव पुकारलं. माईक हातात आल्यावर मात्र सवयीने काम केलं. तोंडातून आपोआप तीच वाक्यं यायला लागली, त्याच जागी थांबणं, त्याच जागी सुस्कारा. प्रामाणिक पगारदार. कापलेला पगार. तो बोलत होता आणि आत कुठेतरी बाजूला बसून स्वतःचंच ऐकत होता, आणि आतल्या त्या ऐकणाऱ्याला वाटत होतं, की हा माणूस किती छान बोलतो, आणि कशाबद्दल बोलतो? लोकांच्या माना हलत होत्या. शेवटच्या रांगेत सेलिन बसली होती. ती मान हलवत नव्हती. तिच्याकडे बघायचं टाळण्यासाठी युजीनने पुढच्या रांगेकडे पाहिलं, आणि तिथे हरेश्वर होता, म्हणून उदाहरण आलं. पण आज त्यात नेहमीची गंमत नव्हती. आवाज चिरका निघाला. माझा हा मित्र बसलाय समोर, तो म्हणाला, विचारा त्याला, आजवर एक पैसा दिलाय का देशाला. असे लोक आयतं बसून खातात आणि आम्ही मरतो. खाणं, मरणं, हे शब्द पूर्वीच्या भाषणात नव्हते. हॉल हसला. हरेश्वरही नेहमीसारखा हसायला गेला, पण ते हसू त्याला मध्येच सापडेनासं झालं आणि तो मांडीवरच्या रुमालाची घडी घालत बसला. तेवढ्यात जॅकेटवाल्यांनी माईक ओढून घेतला. त्यांना टाळ्यांची वाट सापडली होती.

"तुस्कानोसाहेब, मागचं राहू द्या. या वर्षी तुमचा कर किती कापला, एवढंच सांगा."

हॉलमधले पंखे फिरत होते. युजीनला काहीही आकडा सांगता आला असता; कुणी पगाराची पावती मागणार नव्हतं. पण माईक तोंडाशी होता, आणि त्याच्या मनात नेमकी त्या म्हाताऱ्या आत्याची बोटं आली, गालावरून फिरणारी, खरखरीत, त्यांना लसणाचा वास होता.

"काहीच नाही," तो म्हणाला. "शून्य."

जॅकेटवाल्यांनी दोन्ही हात पसरले आणि हॉलला सांगितलं, हा पाहा सुखी माणूस. टाळ्या पडल्या. त्या विरायच्या आत दाढीवाले उभे राहिले आणि म्हणाले, सुखी कुठला, आयुष्यभर झिजून हा माणूस अजून त्या मर्यादेच्या खालीच आहे, म्हणजे बघा त्याला किती गरीब करून ठेवलंय; त्यांनाही टाळ्या पडल्या, कदाचित थोड्या जास्तच. मग सुखी की गरीब, यावर दोघांची जुंपली. दाढीवाल्यांनी त्याच्या शर्टाच्या कॉलरकडे बोट दाखवलं. जॅकेटवाल्यांनी विचारलं, की तुमची नारळाची झाडं आहेत ना, आणि तो हो म्हणायच्या आत झाडं त्याच्या बाजूने मोजली गेली. दाढीवाल्यांनी, नारळांचा भाव काय मिळतो ते सांगा, असं म्हणून ती काढून घेतली. युजीन दोघांच्या मध्ये उभा होता. त्याने एकदा तोंड उघडलं. रिटाबाई म्हणाल्या, एक मिनिट हं, आधी त्यांचं होऊ द्या. त्याच्याचविषयी चाललेल्या त्या वादात त्याचा नंबर शेवटपर्यंत लागला नाही. आभार मानून झाले, शहाळं आणि पुष्पगुच्छ देऊन झाला, आणि लोक समोशांकडे वळले. दोन-चार ओळखीच्यांनी जाता जाता त्याच्या पाठीवर थाप मारली. लपवलंत होय, असं त्यातले एकजण म्हणाले.

सेलिन म्हणाली, की स्कूटर इथेच राहू दे, हरेश्वरभाऊंना सोडायला सांग, आज तू चालवू नकोस. युजीनला जमीन दुभंगली असती तर आवडलं असतं, पण हरेश्वरने गाडीचं दार आधीच उघडून धरलं होतं. घरापाशी सेलिन उतरली, चहा टाकते म्हणाली, आणि मुद्दाम मागे वळून न बघता आत गेली. हरेश्वरने गाडी बंद केली, पण उतरला नाही. केळींच्या बागेतून ऊन तिरपं येत होतं. युजीन शहाळं मांडीवर धरून बसला होता. माफीचा शब्द त्याच्या तोंडात येत होता आणि तो कुठल्या बाजूने उचलावा हे त्याला कळत नव्हतं. बोलण्यात हयात गेलेल्या माणसाला हे एक वाक्य कधी लागलंच नव्हतं.

"चुकलं माझं," अखेर तो म्हणाला.

"चुकलंच," हरेश्वर म्हणाला. "शेताला कर नसतो. पन ते विकलं, तर असतो. खेड्यातली असती तर सुटलो असतो, आपली जमीन महापालिकेत येते. त्या वर्षी मी जेवढा भरला ना युजीन, तेवढा तू जन्मात भरला नसशील. आनि आता भाड्यावर भरतो. दरसाल."

मग इतकी वर्षं बोलला का नाहीस, असं युजीनने विचारलं, आणि विचारताना त्याला रागच आला, आपल्याला फसवून कुणी जिंकू द्यावं तसा.

"तू बोलायचास चांगलं," हरेश्वर म्हणाला. "लोक ऐकायचे. मला पन मजा यायची. मी काय बोलनार? फ्लॅटवाल्याचं रडगानं कोन ऐकतं?"

यावर युजीनकडे सांगण्यासारखं पुष्कळ होतं. फ्लॅटवाल्याचं रडगाणं, त्याची रचना, त्यात कुठे थांबायचं, हे तो झोपेतही सांगू शकला असता. ते ओठांवर आलंही. पण हरेश्वर आता काचेतून केळींकडे बघत होता आणि हळूहळू, एकेक शब्द चाचपत, मिठागरातल्या निसरड्या बांधावरून चालावं तसा बोलत होता. त्याने सांगितलं, की तो सातव्या मजल्यावर राहतो आणि खाली गाड्या लावायची जागा आहे, तिथे त्याचं शेत होतं. बांध कुठून जायचा ते त्याला वरून अजून कळतं. एक पांढरी मोटार रोज बरोबर बांधावर उभी असते. सोसायटीच्या सभेत तो बोलला की लोक म्हणतात, हे गाववाले. गावात गेला की म्हणतात, बिल्डर आला. आज हात वर करताना त्याने आधी इकडेतिकडे पाहून घेतलं होतं. ज्या दिवशी सौद्याचे पैसे आले त्या दिवशी कमळी जेवली नाही. कर भरला त्या दिवशी जेवली. म्हणाली, जरा तरी गेले ते. एवढं बोलून हरेश्वर थांबला. आपण जास्त बोललो की काय, अशा नजरेने त्याने मित्राकडे पाहिलं, आणि किल्लीला हात घातला.

युजीनने शहाळं पायाशी ठेवलं. सीटवर तो जरा वळून, नीट बसला. आतून सेलिनने चहा झाल्याची हाक दिली, तिला त्याने हातानेच थांब म्हणून खुणावलं.

"मग?" तो म्हणाला.